बाग नवी, खुंट नवा, तरी पिवळा पट्टा तिथंच: निमॅटोड आणि व्हायरसचा गोंधळ कसा सोडवायचा

जुनी द्राक्षबाग काढली, रान मोकळं ठेवलं, डॉग्रिज खुंट लावून त्यावर नवं कलम केलं, आणि तिसऱ्या वर्षी त्याच कोपऱ्यातली झाडं पुन्हा पिवळी. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातून ही तक्रार दर हंगामात येते आणि शब्दही जवळपास ठरलेले असतात: "सर, मातीच्या रिपोर्टला निमॅटोड आलाय, पानावर व्हायरस दिसतोय. निमॅटोडनंच आणला ना? ड्रिपमधून काय सोडू?"

आधी उत्तर, मग कारण. रिपोर्टमध्ये मेलॉयडोगायनी लिहिलं असेल, म्हणजे मुळावर गाठी करणारा निमॅटोड (सूत्रकृमी), तर व्हायरस त्यानं आणलेला नाही. त्याला ते जमतच नाही. जगभरात पिकांचे विषाणू वाहून नेणारे सूत्रकृमी दोनच कुळांतले आहेत. एक लाँगिडोरिडी, त्यात झिफिनेमा, लाँगिडोरस आणि पॅरालाँगिडोरस येतात. दुसरं ट्रायकोडोरिडी, त्यात ट्रायकोडोरस आणि पॅराट्रायकोडोरस. गाठीवाला या दोन्हींत बसत नाही. नाशिककडच्या द्राक्षाच्या नमुन्यांत मात्र बहुतेक वेळा सापडतो तो गाठीवालाच.

म्हणजे एकाच कोपऱ्यात दोन वेगळ्या भानगडी असू शकतात, किंवा एकच असून दुसरी नुसती संशयात आलेली असते. औषध सोडायच्या आधी हे वेगळं करा. निमॅटोडच्या औषधाचा एकरी खर्च काय येतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

पट्टा कसा वाढतोय

वहीचं एक पान घ्या, ओळी आखा आणि खराब झाडांवर फुल्या मारा. पुढच्या छाटणीनंतर पुन्हा त्याच पानावर दुसऱ्या रंगानं मारा. मोबाइलमधल्या फोटोंपेक्षा हे पान जास्त बोलतं.

फुल्या बागभर विखुरलेल्या असतील, एक झाड इथं, एक तिथं, तर संशय काडीवर घ्या. कलमासाठी डोळे कोणाच्या बागेतून आणले होते? "त्यांची बाग लई भारी होती" हे उत्तर पुरेसं नाही. विषाणू असलेलं झाडही काही वर्षं चांगलं पिकतं. फुल्या ओळीओळीनं सरकत असतील आणि ओलांड्यावर सालीखाली पिठ्या ढेकूण (मिलीबग) असेल, तर पान वळवणारा लीफरोल विषाणू डोक्यात ठेवा. तो विषाणू मिलीबग नेतो, निमॅटोड नाही. लीफरोल गटाचे विषाणू नाशिक आणि पुणे भागातल्या बागांत तपासणीत सापडलेले आहेत, त्यामुळे हा संशय हवेतला नाही.

आणि फुल्यांचा गोल डाग असेल, कडेनं हळूहळू वाढणारा, तर मात्र मातीत काहीतरी आहे. झिफिनेमा इंडेक्सनं पसरणारा द्राक्षाचा फॅनलीफ विषाणू परदेशी बागांत असाच गोलाने वाढतो, वर्षाला मीटर-दीड मीटर. त्याहून झपाट्यानं डाग वाढत असेल तर सूत्रकृमी चालत गेला नाही, रोटाव्हेटरनं नेला, नाहीतर कारणच दुसरं आहे.

गोल डाग जागच्या जागी असेल, वाढतच नसेल, तर खड्डा खणा. दोन फुटांवर चुनखड लागली की निम्मं कोडं तिथंच सुटतं. चुनखडीच्या जागेत लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात. जुनी बाग तिथं पिवळी होती, नवीही होणार, आणि यात निमॅटोडचा काही संबंध नाही.

पान बघून व्हायरस म्हणू नका

फॅनलीफचं पान पंख्यासारखं उघडतं. देठाजवळची खाच रुंद होते, कडेचे दाते टोकदार होतात, शिरा जवळजवळ येतात. काडी नागमोडी जाते, पेरं आखूड पडतात, कधी दोन डोळे एकाच जागी. मणी धरत नाहीत, घडात बारीक बी नसलेले मणी राहतात. वर्णन वाचलं की निम्म्या बागा आजारी वाटायला लागतात.

आता नाशिकमधली गंमत बघा. शेजारी ऊस, गहू किंवा मका असेल आणि तिथं तणावर टू-फोर-डी मारलं असेल, तर वाऱ्यावर आलेल्या फवाऱ्यानंही द्राक्षाचं पान हुबेहूब पंख्यासारखं होतं. द्राक्ष या औषधाला फार हळवं आहे. ओळख अशी: टू-फोर-डीचा मार एका वेळच्या फुटीवर बसतो. त्या आठवड्यातली पानं बिघडतात, नंतरची शेंड्याची फूट हळूहळू नीट यायला लागते, आणि शेजाऱ्याच्या बांधाकडून आत येताना त्रास कमी होत जातो. विषाणूचं झाड दर छाटणीनंतर तेच रडगाणं गातं. जस्त कमी पडलं तरी पान लहान राहतं आणि देठाची खाच उघडते. बारीक मण्यांचं म्हणाल तर जीएची (जिबरेलिक आम्लाची) वेळ किंवा मात्रा चुकल्यावरही घडात तेच दिसतं.

काळ्या वाणांत लीफरोल ओळखायला सोपा: पान लाल, शिरा हिरव्या, कडा खाली वळलेल्या. थॉमसनसारख्या पांढऱ्या वाणांत तो इतका मवाळ दिसतो की पालाशची कमतरता समजून शेतकरी पोटॅश देत बसतो.

म्हणून पानावरून नुसता संशय धरायचा, निकाल लॅबमधल्या एलायझा किंवा आरटी-पीसीआर चाचणीवर सोडायचा. नमुन्याची वेळ मात्र सांभाळा. फॅनलीफसारख्या विषाणूचं प्रमाण उन्हाळ्याच्या तापात पानातून घटतं, आणि एप्रिल छाटणीनंतरच्या कडक उन्हातला "निगेटिव्ह" फसवा असू शकतो. ऑक्टोबर छाटणीनंतर फूट कोवळी आणि हवा थंड असते, तेव्हा शेंड्याजवळची पानं द्या. आणि लॅबला नाव घेऊन सांगा की कोणत्या विषाणूसाठी तपासायचं. "व्हायरस चेक करा" म्हटलं तर ते त्यांच्याकडे जो किट असेल तो लावणार.

माती कशी काढायची, रिपोर्ट कसा वाचायचा

इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. वरची चार बोटं माती खुरप्यानं काढून पिशवीत भरली की गाठीवाला सापडेल, झिफिनेमा सापडेलच असं नाही. तो खोल राहतो, मुळाबरोबर मीटरभर खालीही जातो. फूटभरापासून खाली, ओलाव्याच्या पट्ट्यात, पांढऱ्या मुळ्यांसकट माती घ्या. पूर्ण मेलेल्या झाडाखालची नको, तिथं खायला काही उरलेलं नसतं. डागाच्या कडेला जे झाड नुकतंच कोमेजायला लागलंय त्याच्या बुडातून घ्या. पिशवी गाडीच्या डिकीत उन्हात राहिली तर हे नाजूक जीव मरतात, आणि मेलेला कृमी मोजणीत येत नाही.

लॅबला एक प्रश्न विचारायचा: माती धुऊन चाळणीनं वेगळे करता, की फक्त फनेलवर (नरसाळ्यावर) ठेवता? फनेलच्या पद्धतीत कागदाच्या थरातून कृमी स्वतः रांगत खाली पाण्यात उतरतो. गाठीवाल्याची पिल्लं जेमतेम ०.४ मिलिमीटरची आणि चपळ, ती रातोरात उतरतात. झिफिनेमा इंडेक्स ३ मिलिमीटरच्या आसपास लांब आणि सुस्त. तो कागदातून सहज येत नाही. नुसत्या फनेलवर काढलेल्या रिपोर्टमध्ये "झिफिनेमा शून्य" लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका.

सूक्ष्मदर्शकाखाली दोघं शेजारी ठेवले तर शंका उरत नाही. गाठीवाल्याच्या पिल्लाच्या तोंडातली सुई मायक्रोमीटरमध्ये मोजली तर दहा-पंधरा, दिसली तर नशीब. झिफिनेमाची सुई मागच्या दांड्यासकट दोनशेच्या घरात जाते, डोक्यापासून निघते आणि मागे बुडाशी पसरट कंगोऱ्यांवर टेकलेली असते. ही सुई तो मुळाच्या टोकाला बाहेरूनच खुपसतो, स्वतः मुळात शिरत नाही. रस पितो, सुई काढतो, पुढच्या मुळीकडे जातो. गाठीवाला एकदा मुळात घुसला की मादी तिथंच फुगून बसते, हलत नाही.

मुळं बघायची तर बादलीत पाणी घेऊन हळूच हलवा, नळाखाली धरू नका. द्राक्षाच्या गाठी टोमॅटोसारख्या ढोबळ नसतात, बारीक मुळीवर मणी ओवल्यासारख्या असतात, आणि जोरात धुतलं की मुळीच तुटून जाते.

डॉग्रिजवर गाठी कशा, असं लगेच कोणी विचारतं. डॉग्रिज गाठीच्या निमॅटोडला सहजासहजी दाद देत नाही, हे खरं. पण गाठी असलेली मुळी कुणाची आहे ते आधी बघा. बोद चढवताना माती कलमाच्या जोडाच्या वर गेली तर वरच्या वाणाला स्वतःची मुळं फुटतात, आणि थॉमसनची स्वतःची मुळी निमॅटोडला आवडते. जोड उकरून मोकळा करा, वरून आलेली मुळं कापा. दुसरं, पहिल्या वर्षी ओळींमध्ये काकडी, टोमॅटो, वांगी घेतली असतील तर मातीतली संख्या तिथं वाढलेली असते. रिपोर्टमध्ये आकडा मोठा, द्राक्षाच्या मुळीला गाठ नाही, असंही होतं.

हाच निमॅटोड व्हायरस नेतो आणि तो नाही, असं का

हे जनुकांचं प्रकरण आहे, आणि खरं तर या सगळ्यातला मला सर्वांत आवडणारा भाग.

१९५८ मध्ये कॅलिफोर्नियात ह्युइट, रास्की आणि गोहीन यांनी दाखवून दिलं की द्राक्षाचा फॅनलीफ विषाणू झिफिनेमा इंडेक्समार्फत एका मुळापासून दुसऱ्या मुळात जातो. सूत्रकृमी वनस्पतीचा विषाणू वाहतो याचा तो पहिला पुरावा. मग लक्षात आलं की जोड्या ठरलेल्या आहेत. फॅनलीफ इंडेक्स नेतो. फॅनलीफचा भाऊबंद असलेला अरॅबिस मोझॅक विषाणू मात्र झिफिनेमा डायव्हर्सिकॉडेटम नेतो. विषाणू जवळच्या नात्यातले, सूत्रकृमी जवळच्या नात्यातले, तरी अदलाबदल चालत नाही.

फॅनलीफचा जनुकसंच आरएनएच्या दोन तुकड्यांत असतो. पहिल्यावर स्वतःच्या प्रती काढायची सामग्री. दुसऱ्यावर तीन प्रथिनं: एक प्रती काढायला मदत करणारं, एक पेशीतून पेशीत सरकवणारं आणि एक विषाणूचं बाहेरचं आवरण. फ्रान्समध्ये संशोधकांनी हे भाग फॅनलीफ आणि अरॅबिस मोझॅकमध्ये आलटून पालटून बसवले आणि झिफिनेमा इंडेक्सपुढे ठेवले. बाकी काहीही बदला, आवरण फॅनलीफचं असेल तर इंडेक्स नेतो, अरॅबिसचं असेल तर नाही. अख्खा निर्णय आवरणाच्या जनुकात.

हे आवरण ५०४ अमिनो आम्लांच्या एकाच प्रथिनाच्या ६० प्रतींचं बनलेलं असतं. पुढच्या कामात त्यातला ११ अमिनो आम्लांचा एक छोटा पट्टा निर्णायक निघाला. त्याहून बारीक गोष्ट विषाणूच्या एका बदललेल्या वाणात सापडली: २९७ व्या जागी ग्लायसिनऐवजी अ‍ॅस्पार्टिक आम्ल आलं होतं, इतकंच. झाडात तो वाण नीट वाढायचा, पण सूत्रकृमीमार्फत जायची क्षमता बरीच घसरली. ही जागा आवरणाच्या बाहेरच्या अंगाला येते, म्हणजे सूत्रकृमीच्या अन्ननळीला टेकणाऱ्या बाजूला.

आणि टेकणं हाच सगळा खेळ आहे. विषाणू सूत्रकृमीच्या पेशींत शिरत नाही, तिथं वाढत नाही, अंड्यातून पिल्लात जात नाही. ड्रिपच्या लॅटरलमध्ये आतून क्षार बसावेत तसा तो सुईच्या मागच्या दांड्याच्या आणि अन्ननळीच्या अस्तरावर बसून राहतो. सूत्रकृमी कात टाकतो तेव्हा ते अस्तरही गळून पडतं आणि तो कोरा होतो. पुन्हा विषाणू मिळवायला त्याला आजारी मुळीच लागते. पण कात टाकायचं वय संपलेल्या प्रौढात विषाणू वर्षानुवर्षं टिकतो. फॅनलीफ इंडेक्समध्ये झाडाशिवाय ठेवलेल्या मातीतही चार वर्षांनंतर सापडलेला आहे. वर्षभर रान मोकळं ठेवून फॅनलीफ जात नाही तो यामुळे, आणि जुन्या बागेची खोल मुळं मातीत जिवंत राहतात म्हणूनही.

ट्रायकोडोरस नेतो त्या टोब्राविषाणूंचा हिशेब निराळा. तंबाखूचा रॅटल विषाणू किंवा वाटाण्याचा अर्ली ब्राउनिंग विषाणू यांत नुसतं आवरण पुरत नाही, दुसऱ्या आरएनएवरचं टूबी नावाचं आणखी एक जनुक लागतं. ते काढलं तर झाड आजारी पडतं, सूत्रकृमी मात्र नेत नाही. कृषी महाविद्यालयातल्या मुलांसाठी सांगतो, संक्रमणाचा प्रयोग वारंवार फसत असेल तर विषाणूचा वाण कुठून आला ते विचारा. पानावर रस चोळून चोळून पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वाणात हे भाग गळून गेलेले असतात. पानाला त्यांची गरज नसते, मग ते कोण सांभाळणार?

सूत्रकृमीच्या बाजूनंही आनुवंशिकता आहे. डायव्हर्सिकॉडेटमच्या वेगवेगळ्या देशांतल्या वस्त्या तपासल्या तेव्हा काही विषाणू सहज नेणाऱ्या निघाल्या, काही क्वचित. इटली आणि स्कॉटलंडच्या वस्त्यांचा संकर करून पाहिला तर ही क्षमता संततीत उतरताना दिसली. इंडेक्सवर असा संकर करणं अवघड, कारण त्याच्यात नर विरळाच असतात आणि मादी एकटीच प्रजा वाढवते.

गाठीवाल्याकडे या जोडणीतली एकही बाजू नाही. विषाणू धरून ठेवणारं अस्तर नाही, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाऊन सुई खुपसत फिरायची सवयही नाही.

मग करायचं काय

खुंट निवडताना एक गैरसमज काढून टाका. निमॅटोडला दाद न देणारं जनुक आणि विषाणूला दाद न देणारं जनुक या दोन गोष्टी आहेत. अमेरिकेत व्हिटिस ॲरिझोनिका या रानटी द्राक्षातून झिफिनेमा इंडेक्सला रोखणारं एक्सआयआर-१ हे स्थान १९ व्या गुणसूत्रावर सापडलं. ते सूत्रकृमीला वाढू देत नाही. पण आलेल्या सूत्रकृमीनं मरायच्या आधी एकदा सुई मारली तरी विषाणू आत जाऊ शकतो. ओ-३९-१६ या खुंटावर नेमकं हेच दिसतं: झाडात विषाणू येतो, तरी फळ धरतं. उलट बाजूनं, रिझलिंग या वाणात फॅनलीफ विषाणूलाच अडवणारं जनुक मिळालंय, पण ते अप्रभावी (रिसेसिव्ह) आहे, म्हणजे दोन्ही पालकांकडून आलं तरच काम करतं. डॉग्रिजची ख्याती गाठीच्या निमॅटोडपुरती. तिच्यावरून झिफिनेमाची किंवा विषाणूची हमी धरू नका.

टोमॅटोतही तीच गोष्ट. बियाण्याच्या पाकिटावर निमॅटोड प्रतिकारक लिहिलेलं असतं ते एमआय जनुक, आणि मातीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की ते ढिलं पडतं. उन्हाळी लागवडीत गाठी दिसल्या म्हणून लगेच बियाणं नकली ठरत नाही. आणि गिरणाऱ्यापासून पिंपळगावपर्यंत टोमॅटोवर येणारे मुख्य व्हायरस, म्हणजे पर्णगुच्छ, बड नेक्रोसिस, काकडीवर्गीय मोझॅक, अनुक्रमे पांढरी माशी, फुलकिडे आणि मावा नेतात. तिथं जमिनीत औषध सोडून व्हायरस थांबायची वाट बघू नका.

रिपोर्टला फक्त मेलॉयडोगायनी आणि व्हायरस निगेटिव्ह असेल तर काम सोपं आहे: कलमाचा जोड मोकळा, आंतरपीक बंद, निंबोळी पेंड, पॅसिलोमायसिस ही निमॅटोडवर चालणारी बुरशी, ओळींत झेंडू, आणि संख्या फारच असेल तर शिफारशीतलं औषध पांढरी मुळी चालू असताना. व्हायरस पॉझिटिव्ह, पण तो लीफरोल असेल, तर ती झाडं मुळासकट काढा, मिलीबगच्या मागे लागा आणि त्या बागेतून काडी कोणालाही देऊ नका, पाहुण्यालासुद्धा नाही.

फॅनलीफ आणि झिफिनेमा इंडेक्स दोन्ही नावानिशी आले, तर घाईनं नवी बाग उभी करू नका. आधी रिपोर्ट दुसऱ्या लॅबमध्ये ताडून घ्या, पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राशी बोला. खात्री झाली की पोकलेन लावून मुळं खोलवर काढा, उचलून बाहेर न्या, डागाच्या पलीकडच्या निरोगी दिसणाऱ्या दोन ओळींसकट. तिथं काही वर्षं द्राक्ष आणि अंजीर सोडून दुसरं पीक घ्या, अंजिराचं नाव मुद्दाम घेतलं कारण इंडेक्स त्यावरही मजेत जगतो. डागात चाललेला रोटाव्हेटर धुतल्याशिवाय दुसऱ्या प्लॉटमध्ये घालू नका, भाड्याचा असेल तर मालकासमोर धुऊन घ्या.